सात भाषा, एकच धडा

"काका, ह्या साहेबाले सांगा, आपल्याले शेण नाई खायाचं हाय," शकीलभाई म्हणाले.

साहेब म्हणजे ब्रुनो. इटलीचा. धिप्पाड गडी, पांढऱ्या मिशा, पायात फॅक्टरीचे जड बूट. तो जगऱ्यापाशी वाकून उभा होता. एक हात नाकावर, दुसऱ्या हाताचं बोट गोवऱ्यांकडं. मी नुकताच राख उकरून एक रोडगा बाहेर काढला होता आणि फडक्यानं पुसत होतो. त्यानं गोवरी पाहिली, मग रोडगा पाहिला, मग पुन्हा गोवरी पाहिली. त्याच्या मनात काय चाललंय ते कळायला भाषा लागत नव्हती.

"तुमी सांगा ना. शेठ तुमी हाय," मी म्हटलं.

"मले कुठं येते त्यायची भाषा? म्या मॅनेजर साहेबाले सांगून ठेवलं, आमच्या काकाले सात भाषा येतेत."

"कवा सांगितलं?"

"ऑर्डर घेतानी."

मी आचारी आहे. शाळा चौथीपर्यंत, पुढं सगळं भट्टीवर. शकीलभाईंचं कॅटरिंग अकोल्याचं, मी अमरावतीचा. दोन्ही जिल्ह्यांत ऑर्डरी असतात. शकीलभाई लग्नाचे मोठे मेनू करतात. पण शेतातला रोडग्याचा सैपाक असला की मला बोलावतात, कारण जगऱ्याचं काम गॅसवाल्या पोट्ट्यांना जमत नाही.

रोडगा माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतो. गहू जाडा दळायचा. कणीक घट्ट मळायची. पातळ पाऱ्या लाटून, तेल लावून, एकावर एक गुंडाळून गोळा करायचा. आत पदर सुटतात ते ह्याच्यामुळं. मग गोवऱ्या पेटवायच्या. धूर निघून गेला आणि नुसती लाल आच राहिली, की त्याला जगरा म्हणतात. त्या गरम राखेत रोडगे पुरायचे. भाजले की काढायचे, झटकायचे, पुसायचे, मुठीनं फोडायचे आणि वरून तूप ओतायचं. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. शेण कोणी खात नाही. हे मराठीत सांगायला काही लागत नाही. इटालियनमध्ये लागतं.

सैपाक होता नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला, एका शेतात. अमरावतीजवळ एक कापडाची फॅक्टरी आहे. तिथं इटलीहून नवं मशीन आलं. सोबत चार-पाच इंजिनियर आले. मशीन काही केल्या चालेना. शेवटी फॅक्टरीतल्या कामगारांनी नवस बोलला, मशीन चालू झालं तर मारोतीला रोडगे करू. दुसऱ्या आठवड्यात मशीन चालू झालं. इंजिनियर म्हणाले आम्ही चालू केलं. कामगार काही बोलले नाहीत, त्यांनी वर्गणी काढली.

आता शकीलभाईंचा जीव कशात अडकला होता तेही सांगतो. ह्या इटलीवाल्यांना फॅक्टरीच्या कॅन्टीनचं जेवण जात नव्हतं. बिस्किटं आणि केळी खाऊन दिवस काढत होते. मॅनेजर साहेबांनी शकीलभाईंना सांगितलं होतं, ज्याच्या हातचं हे लोक जेवतील त्याला वर्षाचं कॅन्टीन. लग्नसराई संपत आली होती. कॅन्टीन मिळालं तर आमच्या सगळ्या टोळीच्या घरात बारा महिने चूल पेटणार. नाही मिळालं तर दिवाळीनंतर भेटू.

आणि त्या दिवशी फॅक्टरीची दुभाषी पोरगी तापानं पडली होती. शेतात मोबाईलला रेंज नव्हती. राहिलो मी.

सात भाषांचं खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

आमची बुढी, म्हणजे माझी बायको, गेली. आजारी पडली आणि गेली, त्याच्यात सांगण्यासारखं काही नाही. मुलगा पुण्याला असतो. तेराव्यानंतर नातीनं माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. "आजोबा, टाइमपास करा. भाषा शिका." ते हिंदीतून शिकवतं. वाचायचं फार नसतं. चित्र येतं, एक बाई बोलते, आपण तिच्या मागं बोलायचं. बरोबर असलं की घंटी वाजते. घरात कोणी बोलत नव्हतं. ती बोलत होती. कोणत्या भाषेत बोलते ते मी पाहिलं नाही.

मला नाद लागला हे मला उशिरा कळलं. लोकांना आधी कळलं.

भाजीबाजारात माळणीला मी टमाट्याचा भाव जपानीत विचारला. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, कोथिंबीर फुकट दिली आणि म्हणाली, "बुवा, पोराकडं जाऊन राहा." परतवाड्याच्या गाडीत कंडक्टरनं तिकीट दिलं, मी त्याला इटालियनमध्ये धन्यवाद म्हणालो, ग्रात्सिए. त्यानं तिकीट परत घेऊन तपासलं. मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला बसलो होतो. सगळे डोळे मिटून शांत. माझ्या खिशातून बाई मोठ्यानं बोलली, सफरचंद लाल आहे. शेजारचा म्हातारा डोळे न उघडता म्हणाला, "असन बाप्पा."

एकदा मी फोनची भाषाच कोरियन करून पाहिली. शिकायला जोर येईल म्हणून. मग ती परत करता येईना, कारण परत करायचं बटण कोरियनमध्ये होतं. मुलाला फोन लावायचा तर चिन्हं ओळखीची नाहीत. मोबाईल दुकानवाल्यानं दुरुस्त करून दिला आणि विचारलं, "बाबा, चायना माल घेतला काय?"

गल्लीतल्या कुत्र्याला मी जर्मनमध्ये बस म्हणत होतो. ते बसत नव्हतं. मराठीतही बसत नव्हतं, म्हणून त्याचं मी मनावर घेतलं नाही.

भट्टीवर तर फार झालं. मी झाऱ्यानं ढवळत पुटपुटत असायचो. टोळीतल्या एका पोळीवाल्या बाईनं अफवा उठवली की काकांच्या अंगात येतं. बुढी गेली पण गेली नाही, ह्यायच्या तोंडून बोलते, म्हणाली. काही बायांनी माझ्या भट्टीजवळ यायचं सोडलं. तेव्हा कमलनं निकाल लावला. कमल म्हणजे आमच्यात कणीक मळणारी, बुढीच्या जागेवर आलेली. ती म्हणाली, "बुढी काय मालूम नाई काय तुमाले? आंगात आली असती तं पहिले ह्यायले शिव्या देल्या असत्या. हे तं गोड बोलून राह्यले. हे फोनचंच हाय."

हे सगळं पाहून शकीलभाईंनी भाषा मोजल्या आणि सात भरल्या. जपानी, जर्मन, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, तुर्की, इटालियन. एवढं त्यांना माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं, कारण ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

प्रत्येक भाषेत धडे एकाच ओळीनं येतात. आधी सफरचंद, पाणी, दूध. मग एकदोनतीन. मग घर आणि कुटुंब. मग एअरपोर्ट, हॉटेल, तिकीट.

घर-कुटुंबाच्या धड्यात ती बाई विचारते, तुमची बायको कुठं आहे? खाली उत्तरं येतात. माझी बायको घरी आहे, ह्याच्यावर बोट ठेवलं की घंटी वाजते. मग येतं, माझी बायको चहा पिते. घंटी. माझी बायको ब्रेड बनवते. घंटी. त्या धड्यात मी बराच वेळ काढायचो. पुन्हा पुन्हा करता येतो तो. पण मग ॲप म्हणतं, आता पुढं चला, एअरपोर्टला. मला एअरपोर्टला काय काम? मी भाषा बदलायचो. नव्या भाषेत सफरचंदापासून सुरू करायचं, काही दिवसांत पुन्हा घरचा धडा येतो.

अशा सात झाल्या. सातही भाषांत मला बायको घरी आहे हे सांगता येत होतं. स्टेशन कुठं आहे ते एकाही भाषेत विचारता येत नव्हतं.

तर आता जगऱ्याजवळ ब्रुनो उभा, शकीलभाई उभे, मॅनेजर साहेब लांबून पाहत आहेत. मी रोडगा मुठीनं फोडला. अर्धा माझ्या तोंडात टाकला, त्याला दिसावं म्हणून. दुसऱ्या अर्ध्यावर तूप ओतलं आणि त्याच्यासमोर धरला. त्यानं काहीतरी विचारलं. हे काय, की कोणी केलं, मला समजलं नाही. मी जे येत होतं ते बोललो.

"मिया मोल्ये फा इल पाने."

म्हणजे माझी बायको ब्रेड बनवते.

हे मी ठरवून नाही बोललो. आमच्या धंद्यात जोडप्यानं काम करायची पद्धत आहे. कणीक बाईची, आग बाप्याची. पंगतीतून कोणी ओरडलं, "रोडगा कोनाच्या हातचा हो?" की मी इतकी वर्षं एकच उत्तर दिलं, बुढीच्या हातचा. तेच उत्तर तोंडात आलं, फक्त इटालियन निघालं.

ब्रुनोचा नाकावरचा हात खाली आला. तोंडभर हसला. मग असा बोलत सुटला की मला त्यातलं मोल्ये, म्हणजे बायको, एवढंच सापडलं. तो इकडं तिकडं पाहायला लागला. बायांच्या घोळक्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, भुवया वर केल्या. कुठं आहे, असं विचारत असावा.

"मिया मोल्ये ए आ काझा," मी म्हणालो. माझी बायको घरी आहे.

त्यानं मान डोलावली आणि रोडग्याचा घास घेतला. चावला. थांबला. डोळे मिटले. मग खाली सतरंजीवर मांडी घालायचा प्रयत्न केला, ती जमली नाही, तेव्हा पाय लांब करून बसला. ते पाहून बाकीचे इटलीवालेही बसले. वरण वाटीनं प्यायले. वांग्याच्या भाजीनं एकाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं ताट सोडलं नाही.

मॅनेजर साहेब शकीलभाईंच्या पाठीवर थाप मारून गेले. "शकीलभाई, तुमचा म्हातारा तर फाडफाड बोलतो राव."

"आपला कारागीरच तसा हाय साहेब," शकीलभाई म्हणाले.

आम्ही भांडी पिकअपमध्ये भरली. कमलचा नवरा गजानन गाडी चालवत होता. पुढं शकीलभाई आणि मी, मागं भांड्यांसोबत बाया. मधली काच नव्हती, त्यामुळं बोलणं इकडचं तिकडं जात होतं.

कमलनं मागून विचारलं, "काका, त्या गोऱ्याले काय सांगितलं तुमी? लय हासला थो."

मी खरं तेच सांगितलं.

"म्हंजे कणीक म्या मळली, हात माहे दुखून राह्यले, अन नाव बुढीचं?"

"तोंडातून गेलं."

"सात भाषा येतेत, त्याच्यात एका भाषेत माहं नाव घ्याले काय झालं होतं?"

मी गजाननाला गाडी हळू घे म्हटलं.

बडनेऱ्याजवळ रेंज आली आणि शकीलभाईंचा फोन वाजला. मॅनेजर साहेब. शकीलभाईंनी स्पीकर लावला, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. साहेब खूष होते. ब्रुनो दुभाषी पोरीशी फोनवर बोलला होता. गुरुवारी फॅक्टरीत ट्रायल जेवण ठेवा, म्हणाले. हेच रोडगे. ते पसंत पडले की कागद करून टाकू. आणि ब्रुनो साहेबांची एक इच्छा आहे. आचारीकाकांच्या मिसेसना सोबत आणा. त्यांना त्यांच्या हाताची कृती पाहायची आहे. त्यांच्यासाठी काही भेटवस्तूही द्यायची आहे.

"आणतो ना साहेब," शकीलभाई म्हणाले. "काहून नाई आणणार."

फोन ठेवला.

"शकीलभाई," मी म्हटलं, "कोनाले आणणार?"

"रुकिये काका, सोचने दो."

त्यांनी विचार केला. मग मागं वळून म्हणाले, "कमलताई, एक दिवसाचा सवाल हाय."

"कायचा?"

"तुमी फक्त बसायचं. कणीक मळायची, ते तं तुमी मळताच. तो काय बोलन त्याले हसायचं. त्याले काय माहीत कोन कोनाची बायको हाय."

"पहिले कणकीचं नाव नेलं," कमल म्हणाली, "आता कुंकू बी बदलता काय? माहा नवरा गाडी चालवून राह्यला तुमची. त्याले तं इचारा."

गजाननानं रस्त्यावरून नजर काढली नाही. "माही काई हरकत नाई," तो म्हणाला. "काका गुरुवारच्या गुरुवार घेऊन जात असन तं."

मागून एक झारा आला. गजाननाला लागला नाही, मला लागला.

"हे होनार नाई," मी म्हटलं.

"काका, टोळीचा इचार करा. सगळ्यायच्या घरचा सवाल हाय. एक दिवस खोटं बोललं तं काय होते?"

"आज खोटं बोललो म्हणून तं हे होऊन राह्यलं."

"बरं, असं करा." शकीलभाई वाईट माणूस नाही. बुढी दवाखान्यात होती तेव्हा त्यांची गाडी दारात उभी राहायची. ते आवाज खाली करून म्हणाले, "सांगा का तब्येत बरी नाई. म्हणून आली नाई. एवढं तं सांगता येईन ना?"

हे मला पटलं. अगदी पटलं. मी डोक्यात पुढचं पाहिलं. कॅन्टीन आपल्याला मिळणार. ब्रुनो रोज जेवायला येणार. रोज विचारणार, मोल्ये कशी आहे? मी सांगणार, आज बरी आहे. दुसऱ्या दिवशी सांगणार, थोडं चहा-पाणी घेतलं. तो इथं असेपर्यंत एक माणूस रोज माझ्या बायकोची चौकशी करणार. बुढी गेल्यापासून कोणी केली नव्हती. गेलेल्या माणसाची चौकशी कोण करतो?

हे मला इतकं बरं वाटलं, की त्याच्यामुळंच मी नाही म्हटलं.

"तब्येतीचं नाई सांगत. गेली म्हणून सांगतो. म्याच सांगतो."

"मंग थो नाराज झाला तं? म्हणाला का हे लोक खोटे हायेत?"

"तं मंग दिवाळीनंतर भेटू."

अमरावती आली. उतरताना कमलनं माझा डबा हातात दिला आणि म्हणाली, "झारा तुमाले नाई मारला होता."

घरी येऊन मी फोन काढला. गेली हे इटालियनमध्ये कसं म्हणतात ते शोधलं. ॲपमध्ये सफरचंद होतं, गाय होती, लाल शर्ट होता. मरण नव्हतं. पुढच्या कुठल्या तरी धड्यात असेल, पण मधे एअरपोर्ट, हॉटेल आणि बाजार पार केल्याशिवाय ते उघडत नाही. नातीला फोन करून विचारता आलं असतं. पण नातीनं मग विचारलं असतं, आजोबा, हे कशाला पाहिजे? आणि ते सांगता सांगता रात्र गेली असती. मी ठरवलं, दुभाषी पोरगी असेल, ती सांगेल. मी बाजूला उभा राहीन.

गुरुवारी फॅक्टरीच्या मागच्या आवारात जगरा लावला. सेफ्टीवाल्याचं म्हणणं पडलं की आगीला परवानगी लागते. मॅनेजर साहेबांनी त्याला एक रोडगा दिला. रोडगे पुरले. भाजी उतरली. कमल कणकेच्या परातीपाशी बसली होती आणि कोणाकडं पाहत नव्हती.

ब्रुनो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. डोक्यावर पिवळं हेल्मेट, कारण आवारात ते काढायचं नाही असा नियम. हातात रिबीन बांधलेला डबा. सोबत दुभाषी पोरगी. पुण्याची, नाक अजून लाल. त्यानं सगळ्या बायांवरून नजर फिरवली. कोणती, असं शोधत होता. डबा छातीशी धरलेला.

शकीलभाईंनी पोरीला बाजूला घेऊन आधीच सांगितलं असावं. ती माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "आजोबा, मला कळलं. मी सांगू का त्यांना?"

सांग, हेच म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तो डबा धरून उभा होता ना. पोरगी सांगणार ते तिच्या तोंडचं. मी सांगितलं होतं ते माझ्या तोंडचं. त्याला वाटलं असतं, घरी आहे ती बायको वेगळी आणि गेली ती वेगळी.

"राहू दे पोरी. म्या सुरू केलं."

मी त्याच्यासमोर गेलो. हात पुसले. जेवढं येत होतं तेवढ्यातच सांगायचं होतं. इटालियनमध्ये नाही म्हणायला नोन म्हणतात. ते सफरचंदाच्या धड्यातच शिकवतात.

"मिया मोल्ये नोन फा इल पाने," मी म्हणालो. माझी बायको ब्रेड बनवत नाही.

ब्रुनो हसला. आज बाईची सुट्टी आहे, असं त्याला वाटलं असेल.

"मिया मोल्ये नोन बेवे इल ते." माझी बायको चहा पीत नाही.

तो अजून हसतच होता, पण भुवया वर गेल्या. त्यानं पोरीकडं पाहिलं. पोरगी खाली पाहत होती.

"मिया मोल्ये नोन मांजा." माझी बायको जेवत नाही.

आता त्याचं हसू गेलं.

"मिया मोल्ये नोन ए आ काझा."

माझी बायको घरी नाही. हे वाक्य मी आधी कधी बोललो नव्हतो. कोणत्याच भाषेत, मराठीतही. मराठीत लोकच बोलतात, आपल्याला फक्त मान हलवायची असते.

मशीनचा आवाज आतून येत होता. ब्रुनोनं डबा खाली टेकवला, हेल्मेट काढलं आणि काखेत धरलं. सेफ्टीवाला पुढं आला, मॅनेजर साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. ब्रुनो माझ्याशी काहीतरी बोलला. लांब बोलला, हळू बोलला. एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यात मोल्ये दोनदा आलं. बाकी काही समजलं नाही.

"आजोबा, ते काय म्हणाले सांगू?" पोरीनं विचारलं.

"नको."

"समजलं तुम्हाला?"

"नाई समजलं. पण राहू दे."

मग कोणालाच पुढं काय करायचं ते कळेना. साहेब उभे, इंजिनियर उभे, शकीलभाईंच्या चेहऱ्यावर कॅन्टीन गेल्याचं स्पष्ट दिसत होतं. शेवटी कमल परातीवरून ओरडली.

"काका, त्यायले म्हना, जेवाले बसा. रोडगे करपून राह्यले."

मी राख उकरली. एका बाजूचे खरंच करपले होते. बरे होते त्यातला एक काढला, फोडला, तूप घातलं. ब्रुनोच्या हातात दिला आणि परातीकडं बोट केलं.

"कमल फा इल पाने."

"कमल," ब्रुनो म्हणाला. तिच्याकडं पाहून वाकला, दोन्ही हात जोडले. कमलनं कणकेचे हात तसेच जोडले. "हाव," म्हणाली. "आता खा."

तो जेवला. करपलेला भागही खाल्ला. त्याच्या मुलखातही ब्रेड आगीत भाजतात आणि काळी बाजू म्हातारे मागून घेतात, असं पोरीनं सांगितलं. ते मी ऐकून घेतलं, कारण ते धंद्याचं होतं.

डबा त्यानं परत नेला नाही. मी दोनदा पुढं केला, त्यानं दोनदा मागं सारला. आत कॉफी करायचं ॲल्युमिनियमचं भांडं निघालं. माझ्या घरी कॉफी होत नाही. बुढीही पीत नव्हती. भांडं घरी आहे.

कॅन्टीन शकीलभाईंना मिळालं. माझ्या इटालियनमुळं नाही. मॅनेजर साहेबांनी सरळ सांगितलं, चार लोक जेवले, एवढंच आम्हाला पाहिजे होतं. इंजिनियर आपलं काम संपवून गेले, मशीन चालू आहे, कामगार अजून मारोतीलाच श्रेय देतात. कॅन्टीनमध्ये रोज पोळी-भाजी असते आणि गुरुवारी रोडगे. जगऱ्याला आता लेखी परवानगी आहे.

इटालियनमध्ये मी पुढच्या धड्यात गेलो. एअरपोर्टचा. बाई विचारते, तुम्हाला किती तिकिटं पाहिजेत? मी सांगतो, एक. बाकीच्या सहा भाषा अजून घरीच अडकल्या आहेत. त्यांनाही एकेक करून बाहेर काढावं लागेल. घाई नाही.

कमलनं पहिल्या महिन्यातच शकीलभाईंकडं पगार वाढवून मागितला. म्हणाली, परदेशात माहं नाव हाय. मिळाला.

ह्या धंद्यात नवे येतात त्यांना मी एवढं सांगतो. पंगतीत कोणी विचारलं, हे कोणाच्या हातचं, तर आज ज्यानं केलं त्याचं नाव घ्यायचं. जुन्या माणसाचं नाव घेतलं की पाहुणा त्या माणसाला भेटायचं म्हणतो. आणि ते आपल्याला जमवून देता येत नाही.